दर्शनी भिंतीचं दान आणि दुरुस्तीचं क्रेडिट

ईझमेंट म्हटलं की आपल्याला वहिवाटीचा रस्ता आठवतो: शेत एकाचं, त्यातून जायचा हक्क दुसऱ्याचा. अमेरिकेतल्या प्रिझर्व्हेशन ईझमेंटमध्ये कुणी कुठे जात नाही. ऐतिहासिक घराचा मालक एका पात्र संस्थेला लिहून देतो की घराचं बाह्यरूप मी बदलणार नाही, वर मजला चढवणार नाही, आणि माझ्यानंतर जो घर घेईल तोही नाही. दस्त नोंदवायचा, तो कायमचा. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही आपला हक्क या दस्ताच्या मागे ठेवायला राजी करावं लागतं.

सोडलेला हा हक्क दान मानला जातो, आणि त्यामुळे घराची किंमत जितकी उतरते तितकी करात वजावट मागता येते. याची गल्लत होते ती रिहॅबिलिटेशन टॅक्स क्रेडिटशी, म्हणजे जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चावर मिळणाऱ्या करसवलतीशी. इमारत जुनी, मान्यतेचा शिक्का नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी संस्थेचा, कर फेडरल म्हणजे केंद्राचा. सगळं सारखंच दिसतं. पण ईझमेंट म्हणजे आपल्याकडे ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानाच्या सवलतीसारखी उत्पन्नातून वजावट, आणि क्रेडिट म्हणजे ८७ए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीसारखं थेट करातूनच कमी.

समजा, ईझमेंटमुळे घराची किंमत १ लाख डॉलरने उतरली. २४ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर वाचेल फार तर २४ हजार. याउलट ५ लाखांची मान्य दुरुस्ती केली, तर २० टक्के म्हणजे पुरे १ लाख करातून जातात. अर्थात एकदम नाही. २०१७ च्या कायद्यानंतर ते पाच वर्षांत वाटून मिळतात.

मग ईझमेंटचा मार्ग घेतं कोण? ज्याला क्रेडिट मिळूच शकत नाही तो. क्रेडिट फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतीला आहे: भाड्याचं घर, दुकान, हॉटेल. शिवाय साधारण २४ महिन्यांत इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा (जमीन सोडून) जास्त खर्च व्हावा लागतो. लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवल्यात, तर शिक्का मिळणं अवघड. ईझमेंट मात्र राहत्या घरावरही चालतं, आणि त्यासाठी एक वीटही हलवावी लागत नाही.

हे ऐकायला फुकटचं वाटतं, आणि खरी गोम तिथेच आहे. बोस्टनच्या साउथ एंड भागातल्या एका दांपत्याने दर्शनी भागाचं ईझमेंट देऊन २,२०,८०० डॉलरची वजावट मागितली. घराची किंमत १८ लाख ४० हजार, त्याचे सरळ १२ टक्के. देण्याआधी त्यांनी संस्थेला विचारलं होतं, पुढे घर विकताना किंमत कमी येईल का? उत्तर आलं, काळजी नको. हाच पत्रव्यवहार पुढे कोर्टात त्यांच्यावर उलटला. किंमत कमी होणार नसेल तर दान दिलं काय? शिवाय त्या भागात शहराचे संरक्षणाचे नियम आधीपासूनच होते. ईझमेंटची किंमत शून्य ठरली आणि २०१५ मध्ये अपिलाचा निकालही त्यांच्या विरुद्धच गेला.

२००६ पासून नोंदणीकृत ऐतिहासिक भागातल्या इमारतींसाठी नियम आणखी कडक आहेत. नुसता रस्त्याकडचा चेहरा देऊन भागत नाही. मागची, बाजूची भिंत आणि वरची मोकळी जागाही ईझमेंटमध्ये द्यावी लागते. विवरणपत्राला मूल्यांकन अहवाल आणि बाहेरचे फोटो जोडायचे, आणि वजावट १० हजारांच्या वर असेल तर ५०० डॉलर फीही भरायची. वजावट उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते.

भाड्याची इमारत असेल तर दोन्ही घेऊ असं वाटतं. पण आधीच्या पाच वर्षांत क्रेडिट घेतलेलं असेल, तर ईझमेंटची वजावट त्या प्रमाणात कापली जाते.