'विकणे'च्या पोटातली खरेदी

तालुक्याच्या गावी 'सहकारी खरेदी-विक्री संघ' अशी पाटी हमखास दिसते. खरेदी आणि विक्री, एक शब्द फारसी, दुसरा संस्कृत, अर्थ उलटसुलट. पण हे दोघे चुलतभाऊ आहेत आणि त्यांच्या मूळ धातूचा अर्थ एकच: मोबदला देऊन घेणे.

संस्कृतात तो धातू 'क्री'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याची नोंद 'डुक्रीञ् द्रव्यविनिमये' अशी आहे, म्हणजे वस्तूंची अदलाबदल. नाण्याचं नावही नाही. वस्तू आपल्याकडे आली की 'क्रीणाति'. आपल्यापासून दूर गेली की त्याच धातूला 'वि' लागतो: 'विक्रीणीते'. 'परि', 'वि', 'अव' लागले की हा धातू आत्मनेपदी होतो, म्हणजे 'ति'ऐवजी 'ते'सारखे प्रत्यय घेतो, यासाठी पाणिनीने खास सूत्रच (१.३.१८) केलं.

हा 'विक्री' प्राकृतातून झिजत आपल्याकडे 'विकणे' झाला. नुसता 'क्री' मात्र मराठीच्या हातून निसटला. बंगालीत तो 'केना' होऊन आणि ओडियात 'किणिबा' होऊन आजही रोज बाजारात जातो. आपण काय केलं? 'विकत घेणे' म्हणू लागलो. यातलं 'विकत' हे 'चालत गेलो'मधल्या 'चालत'सारखंच रूप. मंडईत कुणी मेथी विकत असतं, ती आपण घेतो. घेणाऱ्याच्या क्रियापदात विकणाराही शेजारी उभा राहतो, हे मला फार लोभस वाटतं.

आता 'खरेदी'. इराणी भाषांत 'र'च्या आधीचे क, त, प घासून उच्चारले जाऊ लागले. 'प्र'चा 'फ्र' झाला, म्हणून आपलं 'प्रमाण' आणि फारसी 'फर्मान' एका कुळातले. तसाच 'क्र'चा 'ख्र' झाला आणि 'क्री'च्या भावंडातून फारसी 'खरीदन' निघालं. दरबारी फारसीतून ते मराठीत आलं आणि खरेदीखतावर बसलं. हरवलेला 'क्री' असा दुसऱ्या दाराने घरी परतला.

या कुळाचा फार जुना लेखी पुरावा ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आहे. क्नोसॉसच्या राजवाड्यातल्या तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडली. त्यांत जुन्या ग्रीक भाषेतलं, 'क्री'च्याच मुळाचं 'क्वि-रि-य-तो' असं क्रियापद येतं: 'त्याने विकत घेतला'. तिथे घेतलेला माल धान्य नाही, लोकर नाही. तो गुलाम आहे.