फौजी हुकूम (वादविवादातील)

फौजी हुकूम : वाद चालू असताना मूळ मुद्द्याला उत्तर न देता सैन्यातल्या नोकरीचा दाखला पुढे करून समोरच्याला गप्प करण्याची रीत. ही नोकरी स्वतःची असेल, बापाची किंवा भावाची असेल, नाहीतर ज्याला कधी पाहिलेले नाही अशा ‘सीमेवरच्या जवाना’ची असेल. हे नाव शास्त्रात रूढ नाही, या नोंदीपुरते घेतले आहे. प्रकार मात्र कोल्हापूर जिल्ह्यात कोणालाही ऐकल्याबरोबर ओळखू येतो. “आम्ही बर्फात हुबं हुतो तवा तुम्ही रंकाळ्यावर भेळ खात हुता,” हे त्याचे एक रूप. “तिकडं बॉर्डरवर पोरं मरालीत आणि तुमास्नी गटारीचं पडलंय,” हे दुसरे. पहिले वाक्य बहुधा स्वतः नोकरी केलेल्याचे असते. दुसरे बहुधा ज्याने कधी भरतीच्या मैदानावर पाऊलही टाकले नाही त्याचे असते, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

‘हुकूम’ हा शब्द इथे पत्त्यांच्या अर्थाने घेतला आहे. पारावर, तालमीच्या कट्ट्यावर किंवा लग्नघरी जागरणाला मेंढीकोट खेळणाऱ्याला त्याचा नियम सांगावा लागत नाही. ज्या रंगाची उतारी झाली, म्हणजे पहिले पान ज्या रंगाचे पडले, तो रंग हातात असेल तर तोच टाकावा लागतो. तो नसेल तरच हुकमाने कापता येते, आणि मग हुकमाची दुर्रीसुद्धा उतारीच्या एक्क्याला खाते. वादात ‘हुकमाचा एक्का’ म्हणताना आपण त्या पानाची ताकद तेवढी लक्षात ठेवतो आणि अट विसरतो. कापले याचाच अर्थ हातात त्या रंगाचे पान उरले नव्हते. गटारीच्या मुद्द्यावर बॉर्डरचे पान पडले तर गटारीबद्दल सांगण्यासारखे त्या माणसाकडे काही नाही एवढे कळते. पत्त्यांत रंग हातात असताना कापणे ही लबाडी धरली जाते आणि पकडली गेली तर डाव मोडतो. वादात ती पकडायला सहसा कोणी धजत नाही.

न धजण्याचे कारण खरे आणि आदरणीय आहे. हा जिल्हा फौजेला माणसे देत आला आहे. पहिली पलटण १७६८ मध्ये उभी राहिलेल्या मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र शेजारी बेळगावात आहे. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची राजाराम रायफल्स होती आणि संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ती मराठा पलटणींत मिसळली. टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची १०९ इन्फंट्री बटालियन आहे. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी हे गाव आहे, जिथे सैनिकी पेशा गावाच्या नावातच येऊन बसला. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कागल या भागांत पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी पळणारी पोरे दिसतात. सुट्टीवर आलेल्या जवानाला, मग तो शिपाई असो की नायक, गावात ‘मेजर’ म्हणून हाक मारतात. ज्याचा हुद्दाच गावाने प्रेमाने चार पायऱ्या वर नेऊन ठेवला आहे, त्याचे बोलणे मध्येच कापणे कोणाला जमत नाही.

हा हुकूम सर्वांत जास्त चालतो तो भावांच्या वाटणीत. एक भाऊ सतरा-अठरा वर्षे फौजेत. दुसरा घरी ऊस, म्हैस आणि म्हाताऱ्या आईबापाचे औषधपाणी बघणारा. पेन्शनीवर आलेला भाऊ म्हणतो, “मी गोळ्या झेललो, तू घरात निजलास.” इथे एकाच वाक्यात दोन वेगळे दावे गुंतलेले असतात, आणि ते सोडवले तर निम्मी भांडणे थंड होतील. मी पाठवलेल्या पगारातून विहीर झाली, हा दावा वाटणीच्याच रंगातला आहे. त्याचा हिशेब मांडता येतो, मनीऑर्डरी आणि पासबुके काढता येतात. जुन्या धर्मशास्त्रानेही त्याची दखल घेतली होती. नारदस्मृतीत शौर्यधन, भार्याधन आणि विद्याधन यांची वाटणी करू नये असे सांगितले आहे, म्हणजे पराक्रमाने मिळवलेले धन मिळवणाऱ्याचेच. पुढे १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने शिक्षणाच्या किंवा प्रशिक्षणाच्या बळावर केलेली कमाई, ते शिक्षण घरच्या पैशाने झालेले असले तरी, ज्याची त्याची स्वतंत्र मिळकत ठरवली. म्हणजे जवानाचा पगार त्याचाच. पण मी सीमेवर होतो म्हणून वडिलोपार्जित जमिनीत माझा वाटा मोठा, या दुसऱ्या दाव्याला स्मृतीत आधार नाही आणि कायद्यातही नाही. सीमेमुळे पट्टीतला भावाचा वाटा गुंठाभरही घटत नाही. भाऊ घरात निजला होता हेही खरे नसते. रात्रीची लाईट आली की उसाला पाणी पाजायला तोच उठत होता.

याच घरात एक माणूस असे असते की त्याच्या हातात हा हुकूम कधी पडतच नाही. जवानाची बायको. नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर येणार, मधल्या काळात पोरांची शाळा, सासूचे आजारपण, सोसायटीचे कर्ज, फोन लागला नाही की रात्रभर जागणे, हे सगळे तिने काढलेले असते. वाटणीच्या बैठकीत मात्र ‘आम्ही सोसलं’ हे पुरुषाच्या तोंडून येते आणि ती आत चहा करत असते. वीरपत्नी झाल्यावर तिला व्यासपीठावर बोलावून शाल देतात. तोपर्यंत तिच्या सोसण्याला वादात पानाची किंमत नसते. या रिवाजातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सार्वजनिक वादात या हुकमाची सर्वांत ठळक उदाहरणे दोन. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्यावर बँकांपुढे रांगा लागल्या, आणि देशभर एक प्रश्न फिरू लागला : जवान सियाचीनमध्ये दिवसरात्र उभा राहतो, तुम्हाला दोन तास रांगेत उभे राहवत नाही? त्यानंतर आठवड्याभरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास बंदी झाली. ज्या भागात उसाचे बिल, दुधाचे बिल आणि पीककर्ज सगळे सहकारी बँकेतूनच चालते, तिथे शेतकऱ्यांचा प्रश्न साधा होता : आमची बँक का वगळली? या प्रश्नाला सियाचीन हे उत्तर होऊ शकत नव्हते. त्या हिमनदीवर एप्रिल १९८४ पासून आपले जवान आहेत आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने जास्त बळी घेतले आहेत. हे कष्ट इतके मोठे आहेत की बँकेच्या दारातल्या वादात ते सुट्ट्या पैशांसारखे वापरणे बरे नाही. शिवाय कोल्हापूरच्या त्या रांगेत कित्येक जवानांचे आईबापच उभे होते.

दुसरे उदाहरण पुराचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेने शहर आणि शिरोळ-करवीरची गावे बुडवली. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा नदी त्याच्या कितीतरी वर गेली. लष्कर, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींनी छपरांवरून माणसे काढली. शिरोळच्या बायकांनी जवानांच्या हाताला राख्या बांधल्या, त्यांत दिखाऊपणाचा लवलेश नव्हता. पण पाणी ओसरल्यावर लोक विचारू लागले की पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी दिली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग कधी आणि किती वाढवला, गावाला सूचना किती तास आधी मिळाली. तेव्हा “जवानांनी जीव धोक्यात घालून वाचवलं, आणि तुम्ही तक्रारी करताय?” हे ऐकू आले. बोट वल्हवणाऱ्या जवानाचा आणि परवानगीच्या कागदावरच्या सहीचा काही संबंध नाही. उलट निळ्या पूररेषेच्या आतले घर पुढच्या पुरात पुन्हा बुडणार आणि त्याच जवानाला पुन्हा पाण्यात उतरावे लागणार. त्याच्या जिवाची काळजी खरी असेल तर पूररेषेचा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

ज्याच्या नावाने पान टाकले जाते त्याला या डावात बसायची मुभा नाही, हेही लक्षात घ्यावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २१ खाली सेवेतल्या जवानाच्या संघटनेत सामील होण्यावर, राजकीय सभांवर आणि वृत्तपत्रांत लिहिण्यावर निर्बंध येतात. शिस्तीसाठी ते आवश्यक मानले जातात आणि जवान ते पाळतो. परिणाम असा की ‘जवानाला काय वाटतं’ हे बाकी सगळे सांगतात, तो सोडून. निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये राजकीय पक्षांना प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नका असे कळवले, ते याच भानातून. पारावरच्या वादाला असा कोणी आयोग नाही.

मग फौजेतला अनुभव वादात आणूच नये का? आणावा, आणि जिथे तो लागू आहे तिथे सर्वांच्या आधी ऐकावा. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, शब्द हे एक प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले आहे : ‘आप्तोपदेशः शब्दः’ (न्यायसूत्र १.१.७). आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने पुढे जोडले की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू. म्हणजे आप्तपणा माणसाच्या प्रतिष्ठेवर ठरत नाही, विषयाच्या प्रत्यक्ष ओळखीवर ठरतो. या कसोटीवर सैन्यातला प्रत्येक जण कशाचा ना कशाचा आप्त असतो, आणि फौजी हुकूम नेमके तेच झाकून टाकतो. हुकूम म्हणतो ‘बॉर्डर’, एवढेच. प्रत्यक्षात कोणी सिग्नलमध्ये (संदेशवहनात) असतो, कोणी गाड्या दुरुस्त करणारा, कोणी वैद्यकीय पथकात सुश्रूषा केलेला, कोणी हजार माणसांचे रेशन सांभाळलेला. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेला सुभेदार गावच्या पुराच्या बैठकीत असेल तर पूल, बंधारा, दोर, बोट, पाण्याची ओढ यांबद्दलचे त्याचे बोलणे हे उतारीच्याच रंगातले मोठे पान आहे. त्याला कापायची गरजच नाही. पण “मेजर, तुम्ही देशासाठी लई केलंसा” म्हणून त्याला हार घालतात, फोटो काढतात, आणि बोट कुठे बांधावी हे त्याला कोणी विचारत नाही.

मराठी मुलखाच्या इतिहासात सैन्यसेवेचा दाखला योग्य जागी दिल्याचे मोठे उदाहरण महार समाजाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या लढलेल्या या समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दोघांनीही पूर्वजांची सैनिकी सेवा पुढे केली आणि ते अगदी रास्त होते, कारण वाद सैनिकी सेवेचाच होता. शिवाय त्यांना कोणाचे तोंड बंद करायचे नव्हते, बंद झालेले दार उघडायचे होते. अखेर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. याच न्यायाने आजचा माजी सैनिक घरफाळ्यातली सवलत मागताना ग्रामपंचायतीत सेवापुस्तक टेबलावर ठेवतो तेव्हा तो हुकूम मारत नाही. शासनाने सवलतीची अटच सैनिकी सेवा ठेवली आहे, तिचा पुरावा तो देतो.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या रिवाजासमोर नवा पेच ठेवला आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढे नियमित सेवेत घेणार. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी असा मुलगा गावात परत येऊन ग्रामसभेत उठेल तेव्हा त्याला ‘मेजर’ म्हणतील का? चार वर्षे त्यानेही तोच बर्फ पाहिलेला असेल. भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांच्या आया हा प्रश्न आत्ताच विचारू लागल्या आहेत.

फौजी हुकमाला उत्तर देण्याची एक रीतही इकडच्या ग्रामसभांत तयार झाली आहे, आणि ती बहुतेक वेळा एखादी म्हातारीच वापरते. ती आधी हात जोडते. “मेजर, तुमच्या पायाची धूळ कपाळाला लावतो आम्ही.” मग पदर सावरून पुन्हा विचारते, “पर गटार कवा हुणार, ते सांगा.”