चारचौघांतला व्यवहार

माझ्या आत्याचा अंगठा मशीनवर नीट उमटत नाही. खुरपणी-वेचणीत बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. निराधार योजनेचे पैसे काढायला ती गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर गेली, तेव्हा तिला तीनदा अंगठा लावायला सांगितलं आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणून परत पाठवलं. महिन्याने पासबुक भरलं तेव्हा कळलं, त्या दिवशी खात्यातून हजार रुपये निघाले होते. पैसे परत मिळाले, कारण सोबत गेलेली शेजारीण केंद्रावर जाऊन ठामपणे बोलली, "मी होते तिथं, हिच्या हातात एक रुपया दिला नाही तुम्ही."

अंगठा आणि साक्षीदार ही जोडी मराठवाड्यात फार जुनी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दप्तर उर्दूत, सावकाराची वही बहुधा मोडी लिपीत, आणि कर्ज घेणाऱ्याला दोन्ही वाचता येत नसे. त्यात नाणीही दोन. संस्थानाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब असे, आणि हाली चलन 1959 पर्यंत टिकलं. कर्ज कोणत्या नाण्यात घेतलं आणि कोणत्या नाण्यात फेडायचं, एवढ्या एका शब्दावर घर बुडू शकत होतं. म्हणून कागदावर अंगठा देताना गावातली दोन माणसं साक्षीला बसवायची. कागद त्यांनाही वाचता येत नसेल, पण काय बोलणं झालं ते त्यांच्या ध्यानात राही. सावकार वरचढच असायचा, हे खरं. तरी साक्षीदाराला त्याच गावात राहायचं असे, लोकांना तोंड दाखवायचं असे, आणि गरिबाला तेवढाच आधार होता.

बाजाराची गोष्ट याहून बोलकी आहे. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. बैल शेतकऱ्याचा, पण त्याला दिसायचा फक्त रुमाल. धान्याच्या अडतीतही हीच तऱ्हा होती, शिवाय प्रत्येक ठिकाणचा शेर आणि पायली निराळी. हैदराबाद संस्थानात 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा 1963 चा कायदा आला. दोन्हींतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे भाव उघड बोलायचा, माप सर्वांसमोर करायचं आणि तोलाई-हमाली किती ते आधी ठरलेलं असायचं. वजनं-मापं 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोवर आली. आज लातूरच्या बाजारात सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा भाव सगळ्यांच्या कानावर पडतो, आणि घासाघीस झाली तरी तिथं चार माणसं हजर असतात.

ऊसतोडीला मात्र हा उजेड फारसा पोचला नाही. बीड-धाराशिवकडून कारखान्यांवर जाणाऱ्या जोडप्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती, फिटली किती, हे वर्षानुवर्षं मुकादमाच्या डायरीत राहिलं. डायरी एकाच्याच खिशात, आणि हंगाम संपला तरी कित्येकांची उचल फिटलेली नसते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. त्यानंतर घरं दुरुस्त करून मजबूत करण्याचा जो कार्यक्रम झाला, त्यात गावोगाव बायका 'संवाद सहायक' म्हणून काम करू लागल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना उभं केलं. कोणाला किती मदत मंजूर आहे, कोणता हप्ता कशासाठी, भिंतीत काय घालायचं, हे त्या बायकांनी लोकांना बसवून सांगितलं. याच सुमारास बचत गटही वाढत होते. शेती आणि ग्रामविकासाची बँक असलेल्या नाबार्डने 1992 मध्ये गट थेट बँकेला जोडायला सुरुवात केली होती, पुढे 2011 पासून राज्य सरकारचं 'उमेद' अभियान आलं.

गटाची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला भरवसा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मधे सतरंजी, पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. पैसे मोजून झाले की सचिव वही मोठ्यांदा वाचते: कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, शिल्लक काय. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे तोंडपाठ असतात. एखादा आकडा चुकला तर कोपऱ्यातून लगेच आवाज येतो.

मग 2016 आलं. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, नोव्हेंबरात नोटाबंदी. फोनने खूप सोपं केलं, पुण्याला असलेल्या पोराचे पैसे घटकेत आईच्या खात्यावर येतात, आणि ते नको असं कोणीच म्हणणार नाही. पण व्यवहार सतरंजीवरून उठून एकट्याच्या तळहातावर गेला. ओटीपी मागणारा फोन, झटपट कर्जाचं ॲप, "डिजिटल अरेस्ट"ची धमकी, हे सगळं माणसाला एकटं गाठतं, आणि "कोणाला सांगू नका" हे त्यातलं पहिलं वाक्य असतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत काही मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्था बुडाल्या, तिथंही जादा व्याजाची जाहिरात सर्वांना दिसत होती, ताळेबंद कोणी वाचून दाखवला नव्हता. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे कित्येकांना पैसे अडकल्यावर समजलं. 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा हाताशी आहे, पण त्याची वाट लांबची आहे.

आता आत्याच्या गटात वही वाचून झाली की मोबाइल काढतात. ज्यांनी महिन्यात पैसे काढले त्यांच्या पावत्या आणि खात्याचे मेसेज सचिवाची कॉलेजात जाणारी मुलगी वाचून दाखवते. फसवणूक झाली तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन लावायचा, हा आकडा भिंतीवर कोळशाने लिहिलाय. त्या मुलीनेच आत्याचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करून दिलं, पैसे काढायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडतात. शेजारीण अजूनही सोबत जाते, आणि अंगठा किती वेळा लावला ते मोजते.