पिकअपचे डबल केबिन रूपांतर

पिकअप गाडीच्या केबिनची मागची भिंत मागे नेऊन, दुसरे बाक आणि त्याच्यासाठी दोन्ही बाजूंना पूर्ण मापाची दारे बसवून गाडी चार दारांची करण्याचे काम. साध्या, दोन दारांच्या केबिनवरही हे करतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः वाढीव केबिनच्या गाडीविषयी आहे. वाढीव केबिनमध्ये चालकाच्या पाठीमागे सामान किंवा घडीच्या सीटपुरती जागा असते. तिला मागची दारे नसतात, किंवा असलीच तर मागच्या कडेला बिजागरी असलेली, पुढचे दार उघडल्याशिवाय न उघडणारी अर्धी दारे असतात. भारतात हा प्रकार विरळ. इसुझूची डी-मॅक्स स्पेसकॅब हे येथील ठळक उदाहरण.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या कामाची मागणी माल आणि माणसे एकाच फेरीत नेण्याच्या गरजेतून येते. बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो, निपाणीकडे तंबाखू आणि चिक्कोडी-रायबाग-अथणी पट्ट्यात ऊस आहे. भरणारी-उतरवणारी माणसे मालाबरोबर निघतात आणि केबिनमध्ये जागा नसली की हौद्यात बसतात. त्यांना छताखाली, पट्टा लावून बसवण्याची इच्छा रास्त आहे. मात्र कच्चे झालेले रूपांतर हौद्याइतकेच घातक ठरते.

उगम : चार दारांचा पिकअप प्रथम कोणी केला याबद्दल एकमत नाही. जर्मनीत लॉर्च येथील बिन्झ या गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने १९५३ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या टाइप २ पिकअपवर दुहेरी केबिन बांधायला सुरुवात केली. फोक्सवॅगनने स्वतःच्या कारखान्यात ती १९५८ च्या अखेरीस आणली. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरची ट्रॅव्हलेट १९५७ ची. अमेरिकी लेखक बहुधा ट्रॅव्हलेटला पहिला मान देतात, पण हा दावा दारे मोजली की डळमळतो. बिन्झच्या आणि फोक्सवॅगनच्याही गाडीला मागचे दार एकाच बाजूला होते, आणि १९५७ ची ट्रॅव्हलेटही तीनच दारांची होती. चौथे दार तिला १९६१ च्या सुमारास मिळाले. जपानी कंपन्यांच्या दुहेरी केबिनही साधारण याच काळातल्या. तेव्हा 'दोन ओळींची केबिन' ही कसोटी धरली तर बिन्झ आधीचे, आणि 'चार दारे' ही कसोटी धरली तर १९६० च्या आगेमागे अनेकांनी जवळपास एकदमच ती गाठली, असे म्हणणे अधिक सुरक्षित. प्रस्तुत विषयापुरते बिन्झचे महत्त्व वेगळेच आहे: ते तयार पिकअप कापून केलेले रूपांतर होते, म्हणजे या कामाचा खरा पूर्वज. वाढीव केबिन त्यानंतरची. डॉजची क्लब कॅब १९७३ ची, फोर्डची सुपरकॅब १९७४ ची, डॅटसनची किंग कॅब १९७७ ची. उलट्या बिजागरीची दारे त्यांच्या वारसांना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. भारतात बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, झेनॉन, व्ही-क्रॉस (२०१६), योद्धा (२०१७) आणि हायलक्स (२०२२) अशा गाड्या कारखान्यातूनच चार दारांच्या आल्या. त्यांतल्या गेटअवे आणि झेनॉन आता बंद झाल्या आहेत.

चासी : कामाची सुरुवात टेपने करावी, कटरने नव्हे. एकाच मॉडेलच्या वाढीव आणि चार दारांच्या गाडीची धुरांमधली लांबी (व्हीलबेस) अनेकदा सारखी असते: डी-मॅक्समध्ये दोन्हींची ३,०९५ मिमी, हायलक्समध्ये ३,०८५ मिमी. अशा वेळी चासीला हात लावायचे कारण नाही. बदलतात त्या केबिनच्या रबरांच्या बैठका आणि हौद्याची लांबी. हौदा साधारण ३०० मिमी आखूड होतो, तोही पुढच्या बाजूने. हौदा न कापता मागे ढकलण्याचा मोह आवरावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लोंबता (मागच्या धुऱ्यापलीकडचा) भाग धुरांमधल्या लांबीच्या ६० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. ३,०९५ मिमीच्या गाडीला ही मर्यादा १,८५७ मिमी पडते.

लांबी जुळत नसेल तर चासी वाढवावी लागते आणि काम दुसऱ्याच पातळीवर जाते. प्रोपेलर शाफ्ट लांब करून तो यंत्रावर फिरवून बॅलन्स करावा लागतो, सेंटर बेअरिंगची जागा बदलते, ब्रेक पाइप आणि हँडब्रेकच्या केबल नव्याने घ्याव्या लागतात. चासीच्या वरच्या-खालच्या पाळीवर (फ्लँजवर) आडवी वेल्डिंग किंवा भोक करू नये. तडा तिथूनच सुरू होतो. अशी गाडी मुळात निवडूच नये, हे बरे.

अखंड केबिन की जोड : दोन रीती आहेत. एकीत अपघाती किंवा भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या चार दारांच्या गाडीची अखंड केबिन उचलून बसवतात. दुसरीत मूळ केबिनचा मागचा भाग कापून दुसऱ्या गाडीचा मागचा अर्धा भाग जोडतात. जोडकाम स्वस्त दिसते, पण दारांच्या फटी, छताचा उतार आणि पाणी यांवर जाणारे मजुरीचे दिवस धरले तर फरक उरत नाही. शक्य असेल तिथे अखंड केबिनच घ्यावी. ती घेताना वर्ष, इंजिन आणि फायरवॉल (इंजिन व केबिन यांमधली पत्र्याची भिंत) जुळलेली पाहिजे. वायरिंगचा संच त्याच केबिनबरोबर घ्यावा. मागच्या काचा, दारांचे स्विच आणि पट्ट्यांच्या तारा जुन्या संचात नसतात.

केबिन उतरवण्याआधी बॅटरी सोडून काही मिनिटे थांबावे, मगच एअरबॅगचे पिवळे कनेक्टर काढावेत. एसीचा गॅस यंत्राने काढून घ्यावा. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक व क्लचच्या नळ्या, हीटरचे होज, गिअर लिव्हर आणि अर्थची (विजेच्या अर्थिंगची) पट्टी सुटली याची खात्री केल्याशिवाय चेन-पुली ओढू नये. अर्थची पट्टी हमखास विसरते आणि फायरवॉल फाटते. माउंटिंगची रबरे नवीन घ्यावीत. नटबोल्ट हातानेच लावून ठेवावेत आणि दारांच्या फटी सगळीकडे ४ ते ६ मिमी आल्यावरच आवळावेत. केबिन आणि हौदा यांत २५ ते ४० मिमी मोकळे सोडावे. उसाच्या फडातल्या चाकोऱ्यांत चासी पिळते. फट कमी असली की हौदा केबिनच्या मागच्या पत्र्यावर आपटतो.

मधला खांब : जोडकामाचे यश या एका भागावर ठरते. चार दारांच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दारामध्ये छतापासून दाराखालच्या बॉक्सपर्यंत भक्कम खांब असतो. पुढच्या दाराचे कुलूप त्यावर लागते, मागच्या दाराची बिजागरी त्यावर असते आणि पुढच्या सीटचा पट्टाही तिथेच अडकतो. उलट्या दारांच्या वाढीव केबिनमध्ये हा खांब जागेवर नसतो. त्याचे काम मागच्या अर्ध्या दाराच्या आतल्या मजबुतीकडे दिलेले असते आणि ते दार वर-खाली खिट्ट्यांनी छताला व बॉक्सला धरलेले असते. म्हणून ते दार काढून मोठे दार बसवले, एवढ्याने भागत नाही. बाहेरचा पत्रा, आतली मजबुती, पट्ट्याची जाड नटपट्टी आणि छत व बॉक्स यांच्याशी मिळणारी दोन्ही टोके, असा सगळा खांब दाता गाडीतून (जिचे भाग घेतले तिच्यातून) एकसंध कापून आणावा. चौकोनी पाइप उभा करून त्यावर पत्रा मढवलेला खांब दिसायला तसाच असतो, पण बाजूने धडक बसली की तो टोकांपाशी निखळतो. नव्या गाड्यांत खांबातले पोलाद उच्च ताकदीचे असते, ते तापवले की मऊ पडते. त्याला मधोमध सांधा घालू नये.

कापण्याआधी दारांच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचे तिरके आधार टाके मारून बसवावेत आणि कर्ण मोजून लिहून ठेवावेत. काम संपताना कर्णात ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दार कधीच नीट लागणार नाही. बाहेरचा पत्रा सुमारे ०.७ ते ०.८ मिमीचा असतो. त्यावर साधी आर्क वेल्डिंग चालत नाही, भोके पडतात. ०.८ मिमी तारेची एमआयजी वेल्डिंग घ्यावी, २० ते २५ मिमीचे टाके जागा बदलत मारावेत आणि मधे थंड होऊ द्यावे. छतावर सलग शिवण ओढली की पत्रा लाटतो, मग ती लाट लांबी (पुट्टी) भरून लपवली जाते. कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या जागी ८ मिमी भोकातून प्लग वेल्ड करावेत. मागचे दार रबर बीडिंगसह टांगून, बंद-उघड करून पाहिल्याखेरीज शेवटचे वेल्ड करू नयेत.

गंज आणि तडे : खानापूर-जांबोटीच्या पावसात अर्धवट काम एका हंगामात उघडे पडते. लांबी ३ मिमीपेक्षा जाड भरली की चासीच्या पिळण्याने तिला तडा जातो, तडा पाणी धरतो आणि सांधा आतून कुजतो. सांध्याच्या आत वेल्डिंगपूर्वी जस्ताचा प्रायमर, नंतर सीलर आणि पोकळीत मेण, हा क्रम मोडू नये. दारांच्या तळातली पाणी निचऱ्याची भोके रंगात बुजतात, ती तारेने मोकळी करावीत. छतावर दाराच्या कोपऱ्यातून तिरका तडा दिसला तर दोष रंगाचा नसून खांबाच्या वरच्या टोकाचा समजावा.

वजन : हौदा पुढून ३०० मिमी कमी झाला की मालाचा मध्य १५० मिमी मागे जातो. ३,०९५ मिमीच्या गाडीत १,००० किलो मालाचे सुमारे ४८ किलो त्यामुळे पुढच्या धुऱ्यावरून मागच्यावर सरकतात. शिवाय मागच्या बाकावर प्रत्येकी ६८ किलोची तीन माणसे मागच्या धुऱ्यापासून १,००० मिमी पुढे बसली असे धरले तर त्यांचे १३८ किलो मागे आणि ६६ किलो पुढे पडतात. माल तेवढाच भरला तर मागच्या धुऱ्यावर एकूण १८६ किलोची भर होते, वाढलेल्या केबिनचे वजन वेगळेच. माणसे आणि केबिन जेवढी वाढली तेवढा माल कमी करावा. स्प्रिंगच्या पाट्याला पान वाढवल्याने गाडीची परवानगी वाढत नाही. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर कामाआधी व नंतर दोन्ही धुरे वेगवेगळे तोलून घ्यावेत. भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला पुन्हा लावावा, नाहीतर ओल्या घाटात मागची चाके आधी जाम होतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि गाडीचे मूलभूत स्वरूप बदलणारा रचनेतला फरक म्हणजे असा बदल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आसनसंख्या आणि बॉडीचा प्रकार आरसीवर असल्याने पासिंगच्या वेळी चार दारे लपत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो. कायदा केंद्राचा आहे. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिक्कोडी) ची गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) करून घेतल्याने सुटका होत नाही. उलट बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या वेळी गाडी पुन्हा तपासली जाते. अखंड केबिन बदलल्यावर चासीवर कोरलेला क्रमांक गाडीचाच राहतो, पण केबिनवरची पाटी दाता गाडीची असते. ती काढून जुनी ठोकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीबाबत आरटीओची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पत्रा कापू नये. अशा परवानगीविना कायदेशीर वाट दोनच ठिकाणी मोकळी आहे: कारखान्यातून चार दारांची आलेली गाडी घेणे, किंवा केबिनविना विकलेल्या चासीवर पहिल्या नोंदणीपूर्वी एआयएस-०९३ या मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून केबिन बांधून घेणे. शेतात किंवा कारखान्याच्या आवारातच फिरणाऱ्या गाडीला वरील सर्व तांत्रिक बाबी तशाच लागू होतात.