दुकानासाठी जागेची निवड

किरकोळ विक्रीचे नवे दुकान कोठे उघडावे, हे ठरविण्याची पद्धत. माल, दर आणि नोकर नंतर बदलता येतात. पत्ता बदलायचा तर सजावटीवर घातलेला पैसा बुडतो आणि जमलेले गिऱ्हाईक तुटते. म्हणून दुकानदारीत हा निर्णय सर्वांत जड. मुंबईत तो अधिकच फसवा ठरतो, कारण येथे गर्दी कोठेही सापडते आणि तिच्याकडे पाहूनच पुष्कळांचा अंदाज चुकतो.

पहिले काम म्हणजे गिऱ्हाईक कोठून येणार, तो परिसर आखणे. अमेरिकी अभ्यासक विल्यम रायली यांनी १९३१ साली मांडलेल्या नियमानुसार बाजारपेठेची ओढ लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई उरते. पुढे १९६०च्या दशकात डेव्हिड हफ यांनी दुकानाचा आकार व तेथे पोचण्याचा वेळ यांवरून ग्राहक कोणत्या दुकानात जाण्याची शक्यता किती, हे काढण्याचे सूत्र दिले. मुंबईत ही सूत्रे वापरताना अंतर नकाशावर नव्हे, पायी लागणाऱ्या मिनिटांत मोजावे. रेल्वेचे रूळ, द्रुतगती महामार्ग आणि नाले शहराचे तुकडे पाडतात. रुळांपलीकडे ३०० मीटरवर राहणारे कुटुंब पूल चढून किराणा घ्यायला येत नाही. त्याला हिशेबात धरले की विक्रीचा अंदाज तेथेच फुगतो. रोजच्या वस्तूंसाठी साधारण ५ ते १० मिनिटांची चाल, कपडे-भांड्यांसाठी त्याहून बरीच मोठी कक्षा धरतात. दागिने किंवा लग्नाच्या खरेदीला लोक उपनगरांतून लोकल पकडून येतात.

त्यानंतर माणसांची मोजणी. गाळ्यासमोर उभे राहून दोन्ही दिशांचे लोक वेगवेगळे मोजावे लागतात. कामाचा एक दिवस, शनिवार आणि रविवार, सकाळ आणि संध्याकाळ. सकाळी स्थानकाकडे धावणारा माणूस थांबत नाही. संध्याकाळी तोच घरी परतताना भाजी, दूध, फरसाण, औषध घेतो. म्हणून दादर पश्चिमेच्या रानडे रोडसारख्या रस्त्यावर स्थानकाकडून घराकडे जाणाऱ्यांच्या हाताला येणारी बाजू कोणती, हे भाड्याइतकेच महत्त्वाचे असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मोजणी शेवटच्या आठवड्याला लागू पडत नाही, आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावरची तर कशालाच नाही. शेजारच्या दुकानाची विक्री ताडण्याचा जुना उपाय आजही चालतो: दुकान उघडताच एक किरकोळ वस्तू घ्यावी, बंद होताना दुसरी, आणि दोन्ही पावत्यांच्या क्रमांकांची वजाबाकी करावी. मात्र तेथे दोन काउंटर असतील आणि प्रत्येकाची मालिका वेगळी असेल, तर हा आकडा फसतो.

डोक्यावरून जाणारी गर्दी मोजणीत धरू नये. २०१४मध्ये मेट्रो १ सुरू झाल्यापासून घाटकोपरला लोकलमधून उतरलेले असंख्य प्रवासी पुलावरूनच थेट मेट्रोत शिरतात. खालच्या रस्त्याशी त्यांचा संबंध येत नाही. स्कायवॉकखालच्या गाळ्यांचेही तेच.

एकाच धंद्याची दुकाने शेजारी असणे नेहमी वाईट नसते. सोन्यासाठी झवेरी बाजार, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, कापडासाठी मंगलदास मार्केट, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड: जेथे ग्राहक चार ठिकाणी पाहून घेतो, तेथे नव्या दुकानाने घोळक्यातच शिरावे. औषधे, बेकरी, इस्त्री-धुलाई यांना मात्र शेजारी जोडीदार नको.

भाडे परवडते की नाही, हे पावत्यांत मोजावे. समजा, ४०० चौरस फुटांच्या गाळ्याचे भाडे महिन्याला २ लाख आहे आणि धंद्याला विक्रीच्या १० टक्क्यांपर्यंत भाडे झेपते. मग महिन्याची विक्री २० लाख, दिवसाची सुमारे ६७ हजार हवी. सरासरी पावती ४०० रुपयांची असेल तर रोज १६७ पावत्या, म्हणजे १२ तासांत ताशी १४. एवढी माणसे त्या दारातून आत येतील का, हाच खरा प्रश्न. किराण्याचा नफा पातळ असल्यामुळे त्याला १० टक्केही जड जातात. भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी कपड्यांच्या दुकानाला स्वतःच्या विक्रीवर भरायच्या करातून वळता करून घेता येतो. ५ टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला येत नाही, त्यामुळे त्याने तो खर्चातच धरावा. दलाल दर सांगतो तो कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष जागेवर) की सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबी यांचा वाटा धरून), हे पहिल्याच भेटीत विचारावे.

गाळा पाहताना दर्शनी रुंदी, मधला खांब, फूटपाथपासून पायऱ्या किती, फलक झाकणारे झाड आणि टेम्पो उभा राहील अशी जागा तपासावी. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीपासून फलकावर देवनागरी अक्षरे ठळक लागतात व ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. अरुंद दर्शनी भागात याचा विचार आधीच करावा. खाद्यपदार्थांच्या धंद्याला धुराडे गच्चीपर्यंत नेण्यास सोसायटीची लेखी परवानगी लागते, आणि पुष्कळ सौदे येथेच मोडतात.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नसल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशातील व्यापारी वापर पाहावा. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा) करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदवणे सक्तीचे आहे. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, दोन्ही पक्षांवर आहे की फक्त दुकानदारावर, हे वाचावे. पागडीच्या, म्हणजे मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या, गाळ्यात इमारत पुनर्विकासाला निघाली तर काय, याचे उत्तर करारातच हवे. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर आकारला जाणाऱ्या) जुन्या इमारतींत हा धोका पावलोपावली आहे. हिंदमाता, मिलन सबवे यांसारख्या पाणी भरणाऱ्या भागांत जोत्याची उंची शेजाऱ्यांना विचारावी आणि तळघरात माल ठेवू नये. मेट्रोच्या कामाचे पत्रे दारासमोर लागले की दुकान रस्त्यावरून दिसेनासे होते, तेही वर्षानुवर्षे. मंजूर मार्गांचे नकाशे आधी पाहणे एवढाच त्यावर उपाय.

साखळी दुकानांची अडचण निराळी. दुसरी शाखा फार जवळ उघडली तर ती पहिलीचेच गिऱ्हाईक खाते. म्हणून नव्या शाखेच्या अपेक्षित विक्रीतून जुनीची घट वजा करूनच निर्णय घेतात. २००२मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने बहुतांशी जागा विकत घेण्याचा मार्ग धरला. भाडेवाढीची टांगती तलवार त्यामुळे राहत नाही, पण दुकानांची संख्या सावकाश वाढते. ॲपवरून मिनिटांत घरपोच माल देणाऱ्यांच्या गोदामांना दर्शनी भाग नकोच असतो. त्यांना मागच्या गल्लीतला तळमजला, शीतपेट्यांना पुरेल असा वीजभार आणि पंधरा-वीस दुचाकी उभ्या राहतील एवढे अंगण लागते. अंगण अपुरे पडले की दुचाकी रस्त्यावर येतात आणि रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात.