बाळं वाचली की समाज तरुण होतो

जपान, इटली किंवा चीनमधल्या वृद्धांची बातमी आली की एक वाक्य हमखास सोबत येतं: माणसं जास्त जगायला लागली, म्हणून समाज म्हातारा होतोय. हे इतकं उघड वाटतं की तपासून पाहायचं कुणाला सुचत नाही. पण बहुतेक देशांच्या इतिहासात मृत्युदर घटायला लागला तेव्हा समाजाचं वय वाढलं नाही, उलट कमी झालं. हे असं का होतं, यामागचं गणित मला लोकसंख्याशास्त्रातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

एक प्रदेश कल्पनेत घ्या. तिथे बाहेरून कुणी येत नाही, तिथून कुणी जात नाही. आता समजा, औषधोपचार सुधारले आणि वर्षभर तगून राहणाऱ्यांची संख्या प्रत्येक वयात पूर्वीपेक्षा १ टक्क्याने वाढली. तान्ह्या बाळांतही १ टक्का, तरुणांतही १ टक्का, ऐंशीच्या आजोबांतही तेवढीच. वर्षअखेर प्रत्येक वयोगटात १०० च्या जागी १०१ माणसं दिसतील. आणि नवी बाळं? आईबाप १०० च्या जागी १०१, म्हणजे दर जोडप्यामागे मुलं तेवढीच असली तरी जन्मही १०१. वयोगट एकावर एक रचून, तळाशी बाळं आणि वर म्हातारे, असा लोकसंख्येचा मनोरा काढला, तर त्याचा प्रत्येक मजला सारख्याच प्रमाणात रुंदावला.

दहा वर्षांनी पाहू. सत्तर वर्षांच्या माणसांच्या गटाला दहा वर्षं हा फायदा मिळालेला आहे. पाच वर्षांच्या मुलांना स्वतःला तो पाचच वर्षं मिळाला. पण त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या आयांची संख्या आधीच्या पाच वर्षांच्या फायद्याने वाढलेली होती. पाच अधिक पाच, दहा. कुठलंही वय घ्या, बेरीज दहाच येते. आयुर्मान वाढलं, माणसं वाढली, आणि म्हाताऱ्यांचं शेकडा प्रमाण तसूभरही हललं नाही! अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्स्ली कोल यांनी १९५० च्या दशकात हा मुद्दा नीट मांडला.

प्रत्यक्षात सुधारणा सर्व वयांत सारखी होत नाही. स्वीडनमध्ये १७४९ पासून लोकसंख्येच्या सलग नोंदी आहेत. त्या काळात तिथली साधारण पाचातली एक बाळं पहिला वाढदिवसही पाहत नसत. स्वच्छ पाणी, लस, पोटभर अन्न यांचा सगळ्यात मोठा फायदा अशा ठिकाणी लहान मुलांना होतो. म्हणजे मनोऱ्याचा तळ वरच्या मजल्यांपेक्षा जास्त रुंदावतो. शिवाय वाचलेली मुलगी पुढे पंचविशीत स्वतः आई होते आणि तळ पुन्हा रुंदावतो. (पूर्वी सरासरी आयुर्मान तीस-पस्तीस होतं म्हणजे लोक तिशीत म्हातारे होत, हा समजही इथेच निकालात निघतो. ती सरासरी बाळांच्या मृत्यूंनी खाली ओढलेली असे.)

मग समाज म्हातारा कशाने होतो? मुख्यतः जन्म घटल्याने. मरण कुठल्याही मजल्यावर येतं, जन्माचा प्रवेश मात्र फक्त शून्य वयाच्या दारातून. ते दार अरुंद झालं की वरच्यांचा वाटा आपोआप वाढतो. आता जपानसारख्या देशात हजारात दोनेकच अर्भकं दगावतात. तळाशी वाचवायला फारसं कुणी उरलेलं नाही. तिथे आयुष्याची नवी वर्षं म्हातारपणातच मिळतात, आणि सुरुवातीचं वाक्य तिथे आता थोडंफार खरं ठरू लागलं आहे.

जपानच्या मनोऱ्यात एक विचित्र खाच आहे. १९६५ साली तिथे सुमारे १८.२ लाख बाळं जन्मली, १९६६ साली १३.६ लाख, आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांच्या वर. युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. १९६६ हे तिथल्या पारंपरिक पंचांगातल्या साठ वर्षांच्या चक्रातलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष होतं, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते अशी समजूत! पत्रिकेतल्या दोषावरून मुलगी नाकारणाऱ्यांनी ही खाच जरूर पाहावी. एका निराधार समजुतीने एका प्रगत देशाचे चौथा हिस्सा जन्म एका वर्षापुरते पुसून टाकले, आणि ती खाच दरवर्षी एक पायरी वर चढत आता साठीला पोचली आहे.

एका वर्षाच्या अशा खाचेचा पडसाद पुढच्या पिढीत ठळक उमटत नाही, कारण एकाच वर्षी जन्मलेल्या मुली वीस ते चाळीस अशा वेगवेगळ्या वयांत आई होतात. खाच पसरते, पुसट होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले जन्म जवळपास निम्म्यावर आले आणि तसेच काही वर्षं राहिले, तेव्हा मात्र पंचवीस वर्षांनी आयाच कमी पडल्या. तरीही हे पसरणं चालूच राहतं. जन्म आणि मृत्यूचे वयवार दर खूप काळ स्थिर राहिले, तर मनोरा सुरुवातीला कसाही असो, शेवटी त्या दरांनी ठरवलेल्या एकाच आकाराला येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणितज्ञ आल्फ्रेड लोट्का यांनी हे गणिताने दाखवलं.

पण तिथे पोचायला दशकं लागतात. चीनमध्ये दर स्त्रीमागे मुलांची संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दोनच्या खाली, म्हणजे आईबापांची जागा भरायलाही अपुरी, गेली. लोकसंख्या प्रत्यक्ष घटली ती २०२२ साली. आधीच्या मोठ्या पिढीतल्या आयाच इतक्या होत्या की प्रत्येकीला कमी मुलं होऊनही जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहिले. उलट्या दिशेलाही हेच. जपानी जोडप्यांना उद्यापासून दोन-दोन मुलं झाली, तरी आयाच कमी असल्याने घट कित्येक वर्षं थांबणार नाही. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून ‘स्फोट’ किंवा ‘अमुक देश नामशेष’ असे मथळे देणं म्हणजे निव्वळ सनसनाटी.

देशाऐवजी जिल्हा किंवा शहर पाहिलं तर स्थलांतर मोठं ठरतं. जाणारे बहुतांशी विशी-तिशीतले असतात. ते आपली होणारी मुलंही सोबत नेतात, आणि मागे राहिलेला मनोरा मधून व खालून, दोन्हीकडून बारीक होतो.

भविष्याचे अंदाज वाचतानाही हे लक्षात ठेवावं. २०५० साली पासष्टी ओलांडलेले सगळे १९८५ पर्यंत जन्मून गेलेले आहेत. त्यांची संख्या काढायला मृत्युदर आणि स्थलांतर एवढंच लागतं. त्याच वर्षी पहिलीच्या वर्गात बसणारं एकही मूल अजून जन्मलेलं नाही, आणि त्यांच्या आयांपैकी बऱ्याच जणी आत्ता शाळेत आहेत. म्हणून एकाच अहवालात मनोऱ्याच्या वरच्या भागाचे आकडे भरवशाचे आणि तळाचे कच्चे असतात.