वैद्यकीय गांजा : अमेरिकेतील राज्यांचे कायदे

डॉक्टरांच्या शिफारशीवरून रुग्णाला गांजा बाळगण्याची, वापरण्याची आणि काही ठिकाणी घरी लावण्याची मुभा देणाऱ्या कायदेशीर व्यवस्थेला वैद्यकीय गांजाची व्यवस्था म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती एकेका राज्याने उभी केली, आणि तीही केंद्राचा कायदा आड येत असताना. १९७० च्या नियंत्रित पदार्थ अधिनियमाने गांजाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांत, हेरॉइनच्या पंक्तीला बसवले. हा कायदा राज्याला रद्द करता येत नाही. आपल्या पोलिसांनी व न्यायालयांनी रुग्णाला शिक्षा करू नये, एवढेच ते ठरवू शकते. या विषयातील बहुतेक चमत्कारिक नियमांचे मूळ याच मर्यादेत आहे.

चळवळीला जोर आला तो सॅन फ्रान्सिस्कोत, एड्सच्या साथीत. मळमळीमुळे ज्यांच्या पोटात अन्न ठरत नसे अशा रुग्णांना गांजाने भूक लागते, असा अनुभव होता. मेरी रॅथबन ही वयस्क स्वयंसेविका गांजा घातलेल्या ब्राउनी स्वतः भाजून रुग्णांना वाटत असे. तिला अनेकदा अटक झाली आणि शहर तिला ‘ब्राउनी मेरी’ म्हणूनच ओळखू लागले. ज्यांच्या जोडीदाराचा १९९० मध्ये एड्सने मृत्यू झाला होता त्या डेनिस पेरॉन यांनी रुग्णांसाठी गांजा खरेदीचा क्लब काढला. विधिमंडळाने संमत केलेली विधेयके गव्हर्नर पीट विल्सन यांनी नकाराधिकाराने अडवल्यावर कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून प्रश्न थेट मतदारांपुढे नेला, आणि ५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव २१५’ सुमारे ५६ टक्के मतांनी संमत झाला.

हा कायदा जेमतेम पानभराचा आहे. कर्करोग, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी अशी आजारांची नावे दिल्यावर त्यात ‘गांजाने आराम पडेल असा अन्य कोणताही आजार’ असे शब्द येतात, आणि या शब्दांनी दार सताड उघडले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी असे मात्र त्यात म्हटलेले नाही. चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार केंद्राच्या नोंदणीवर अवलंबून असतो, म्हणून कायद्याने ‘शिफारस’ हा शब्द वापरला, आणि ती तोंडी असली तरी चालेल असे ठरवले. तरीही डॉक्टरांची नोंदणी काढून घेण्याची धमकी केंद्राने दिलीच. अखेर रुग्णाशी असे बोलणे हे डॉक्टरांचे भाषणस्वातंत्र्य आहे, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला.

रुग्णाने गांजा आणायचा कुठून, याचे उत्तर कायद्यात नव्हते. २००३ मध्ये ओळखपत्रे आली आणि रुग्णांच्या सामूहिक लागवडीला मान्यता मिळाली. दुकानांना राज्याचा परवाना लागू करणारे कायदे व्हायला मात्र २०१५ उजाडले. मधल्या काळात शहरागणिक नियम वेगळे होते, आणि दुकानांवर सरसकट बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केला.

केंद्र आणि राज्य यांच्यातील ही तेढ एका घटनेत स्पष्ट दिसते. १५ ऑगस्ट २००२ रोजी काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) पोलीस आणि केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचे अधिकारी कॅलिफोर्नियातील रुग्ण डायन मॉन्सन यांच्या घरी आले. राज्याच्या कायद्यानुसार येथे काहीही गैर नाही, असा निर्वाळा काउंटीच्या पोलिसांनी दिला. तीन तासांच्या ओढाताणीनंतर केंद्राच्या अधिकाऱ्यांनी त्यांची सहाही झाडे उपटून नष्ट केली. एंजल रेच या दुसऱ्या रुग्णासह मॉन्सन यांनी लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राची बाजू उचलून धरली. घरापुरत्या लागवडीचाही एकूण बाजारावर परिणाम होतो, म्हणून आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली केंद्राला तिच्यावर बंदी घालता येते, असे न्यायालय म्हणाले. त्यासाठी घरच्या वापरापुरता गहू पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या १९४२ मधील खटल्याचा आधार घेण्यात आला.

कायदा बदलला नाही, पण राजकारण बदलले. राज्यांचे नियम पाळणाऱ्या रुग्णांच्या व दुकानांच्या मागे लागण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, अशी अट अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, डिसेंबर २०१४ मध्ये अर्थसंकल्पी विधेयकात घातली. ती दरवेळी नव्याने घालावी लागते, हा तिचा कच्चा दुवा. बहुतेक बँका या दुकानांना उभे करत नाहीत, त्यामुळे गल्ल्यातील नोटा मोजून तिजोरीत ठेवाव्या लागतात. पहिल्या दोन अनुसूचींतील अवैध पदार्थांच्या धंद्याला खर्चाची वजावट न देणाऱ्या करकायद्याच्या कलम २८०ई मुळे दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगारही केंद्रीय प्राप्तिकरासाठी उत्पन्नातून वजा होत नाहीत. २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला, तो या कराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

इतर अनेक राज्यांनी कॅलिफोर्नियाचा सैलपणा टाळला. न्यूयॉर्कच्या २०१४ च्या कायद्यात सुरुवातीला गांजा ओढण्यास मनाई होती. तेल, कॅप्सूल असेच प्रकार चालत. फ्लोरिडात राज्यघटनेच्या दुरुस्तीला मतदारांची ६० टक्के मते लागतात, म्हणून २०१४ मध्ये सुमारे ५८ टक्के मिळूनही प्रस्ताव पडला, आणि २०१६ मध्ये ७१ टक्क्यांनी संमत झाला. मिसिसिपीत तर वैद्यकीय गांजाच्या बाजूने मतदारांनी दिलेला २०२० चा कौल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला. प्रस्तावासाठीच्या सह्या काँग्रेसच्या पाच मतदारसंघांतून गोळा कराव्यात असे राज्यघटना सांगत होती, आणि राज्यात मतदारसंघ उरले होते चारच! विधिमंडळाने २०२२ मध्ये वेगळा कायदा करून तो पेच सोडवला.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, पण अमेरिकेचे नागरिक नसलेल्या मराठी माणसाला राज्याचे ओळखपत्र पुरेसे संरक्षण देत नाही, कारण स्थलांतर हा केंद्राचा विषय आहे. राज्यात वैध असलेला गांजा वापरणे किंवा त्या धंद्यात नोकरी करणे हेदेखील नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकते, असे केंद्राच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे.